लोनवरचा खेळाडू कायमचा घेताना

मा. संपादक,
स.न.वि.वि.

फुटबॉल खेळाडूंच्या ट्रान्सफरचा, म्हणजे क्लब बदलण्याचा, मोसम सुरू झाला की आपल्या क्रीडा पानावर रोज कुणीतरी लोनवर, म्हणजे ठरावीक मुदतीसाठी उसना म्हणून दुसऱ्या क्लबकडे, गेल्याची बातमी असते. आमच्या वेंगुर्ले-सावंतवाडीकडे रात्र जागून इंग्लंडची प्रीमियर लीग पाहणारी आणि जमेल तेव्हा गोव्यात फातोर्ड्याला आयएसएलची, म्हणजे आपल्या इंडियन सुपर लीगची, मॅच गाठणारी मुले बरीच आहेत. त्यांच्यातल्या बहुतेकांचे म्हणणे असे, की लोनवर आलेला खेळाडू चमकला की क्लबने त्याला लगेच विकत घ्यावे, नाहीतर दुसरा कुणी उचलेल. मला हे अजिबात पटत नाही.

ब्राझीलच्या फिलिपे कुटिन्होचेच बघा. जानेवारी 2022 मध्ये तो बार्सिलोनाकडून अ‍ॅस्टन व्हिलाकडे लोनवर आला. पहिलाच सामना मँचेस्टर युनायटेडशी, त्यात व्हिला 0-2 ने मागे. बदली म्हणून उतरलेल्या कुटिन्होने आधी जेकब रॅम्झीच्या गोलला हातभार लावला आणि काही मिनिटांतच दूरच्या पोस्टपाशी धावत येऊन बरोबरीचा गोल स्वतः केला. असा सामना पाहिल्यावर कुणाचे डोके ठिकाणावर राहील? मे महिन्यात व्हिलाने सुमारे 1.7 कोटी पौंड मोजून त्याच्याशी 2026 पर्यंतचा करार केला. तेव्हा तो तिशीला टेकला होता. ज्या प्रशिक्षक स्टीव्हन जेरार्डमुळे तो आला, त्याचीच ऑक्टोबरमध्ये उचलबांगडी झाली. नव्या प्रशिक्षकाच्या संघात कुटिन्होला जागा उरली नाही. पुढे व्हिलानेच त्याला आधी कतारला आणि मग ब्राझीलला लोनवर धाडले.

त्याआधी 2019-20 मध्ये हाच कुटिन्हो बायर्न म्युनिककडे लोनवर होता. ज्या बार्सिलोनाने पाठवले त्यांनाच बायर्नने 8-2 ने धुतले, त्यात दोन गोल त्याचे होते. बायर्नने चॅम्पियन्स लीगही जिंकली. तरी 12 कोटी युरोंचा खरेदीचा पर्याय त्यांनी वापरला नाही. याला मी हिशेबी क्लब म्हणतो.

आपल्याकडे हापूसची बाग एका हंगामासाठी कराराने घेणारा माणूस यंदाचा मोहोर पाहून बाग विकत घेत नाही. हापूस वर्षाआड धरतो, हे त्याला ठाऊक असते. फुटबॉलमधले अर्धे वर्ष तर हंगामाहूनही छोटे.

याचा अर्थ लोनवरच्याला घेऊच नये, असा नाही. मार्टिन ओडेगार्ड जानेवारी 2021 मध्ये रेआल माद्रिदकडून आर्सेनलला आला, तेव्हा त्या अर्ध्या मोसमात लीगमध्ये त्याचा गोल एकच, टॉटनहॅमविरुद्धचा. आकडेच पाहिले असते तर त्याला परत पाठवले असते. पण वय 22 आणि आर्सेनलचे प्रशिक्षक आर्तेता यांना मधल्या फळीत नेमका असाच खेळाडू हवा होता. ऑगस्टमध्ये त्याला कायमचे घेतले, पुढच्याच वर्षी तो कर्णधार झाला. प्रशिक्षक उद्या गेला तरी 22 वर्षांच्या खेळाडूला बाजारात किंमत राहते. तिशीतल्याला तेवढी राहत नाही, आणि पगार मात्र करार संपेपर्यंत द्यावाच लागतो.

फाल्काओचा दाखला माझ्याविरुद्ध देतात. 2014-15 मध्ये हा कोलंबियाचा स्ट्रायकर मोनाकोकडून मँचेस्टर युनायटेडकडे लोनवर होता; जेमतेम चार गोल, म्हणून त्यांनी घेतला नाही. पुढे 2017 मध्ये त्याच्याच कप्तानीखाली मोनाकोने फ्रेंच लीग जिंकली. पण युनायटेडकडे आला तेव्हा गुडघ्याच्या मोठ्या दुखापतीतून तो नुकताच उठला होता, आणि त्या अवस्थेत त्याच्यासाठी मोठी रक्कम ओतणे कुठल्याही क्लबला परवडले नसते. युनायटेडचा निर्णय बरोबरच होता, असे मी आजही म्हणेन.

खरी गोम करारात असते. खरेदीचा पर्याय असेल तर निर्णय क्लबच्या हातात राहतो. खरेदीची सक्ती असेल तर खेळाडू घ्यावाच लागतो, लोन नावापुरते. फुटबॉलची जागतिक संघटना फिफाच्या जुलै 2022 पासूनच्या नियमांत लोनची मुदत जास्तीत जास्त एक वर्ष आहे आणि परदेशी क्लबांशी एका वेळी किती लोन करता येतील यावरही मर्यादा आहे. त्यामुळे 'बघू पुढच्या वर्षी' म्हणत रेंगाळायला क्लबला फारशी मुभा नाही. अशा घाईत सक्तीच्या कलमावर सही करणे मला धोक्याचे वाटते.

आपल्या क्रीडा प्रतिनिधींना एक विनंती आहे. लोनची बातमी देताना खेळाडूच्या फोटोबरोबर करारात पर्याय आहे की सक्ती, आणि पगार कोणता क्लब किती देणार, हे जाहीर झाले असेल तर तेही छापावे.

आपला,
एक फुटबॉलप्रेमी वाचक,
वेंगुर्ले, जि. सिंधुदुर्ग