किटलीला बफ मारू नकोस

प्रिय मित्रा,

तुझं पत्र वाचलं. आईच्या माघारी पणजीची चांदीची किटली तुझ्याकडे आली, फार बरं वाटलं. पण तिला बफ मारून, म्हणजे फिरत्या चाकावर घासून, नव्यासारखी करणार आणि पोटावरची ती झिजलेली आद्याक्षरंही घासून काढणार, हे वाचलं आणि लगेच लिहायला बसलो. एवढं माझं ऐक, थांब.

तू पाठवलेल्या फोटोत बुडाला बारीक शिक्के आहेत, ते भिंग लावून बघ. चालणारा सिंह म्हणजे इंग्लंडची स्टर्लिंग चांदी, हजारात ९२५ भाग शुद्ध. म्हणजे हा मुलामा नव्हे. राज्यकर्त्याचा चेहरा, तुझ्या किटलीवर राणी व्हिक्टोरियाचा, ही कर भरल्याची खूण. ती १७८४ साली सुरू झाली आणि १८९० मध्ये बंद झाली. व्हिक्टोरिया गादीवर आली १८३७ साली, म्हणजे किटली १८३७ ते १८९० च्या मधली! शेजारचं एकटं अक्षर वर्षाचं असतं; चांदी जिथे तपासली त्या शहराचा शिक्का ओळखता आला की नेमकं सालही सापडेल.

हे शिक्के फार उथळ असतात. बफचं चाक फिरलं की आधी तेच जातात. आद्याक्षरं काढायची म्हणजे तर तिथली चांदीच खरवडायची. पत्रा पातळ होतो, जरा दाबला तरी पोचा येतो. आणि ती धड जातही नाहीत. अशा जागेवर तोंडाची वाफ सोडली की पुसलेल्या रेघा कधीकधी पुन्हा उमटतात. ज्या अक्षरांवरून चार पिढ्यांचे हात फिरले, ती तुझ्या हातून जाऊ नयेत असं मला मनापासून वाटतं.

काळेपणाची काळजी करू नकोस. हवेतल्या गंधकाचा चांदीवर बसलेला थर आहे तो, बाकी काही नाही. कोमट पाणी, साधा साबण, मऊ कापड, आणि लगेच कोरडी करायची. तरी डाग राहिले तर चांदीसाठीचं सौम्य पॉलिश हलक्या हाताने, तेही क्वचित, कारण प्रत्येक घासणीत थोडी चांदी जातेच. नक्षीच्या खाचांतला काळा रंग मात्र राहू दे, त्यानेच नक्षी उठून दिसते. अ‍ॅल्युमिनियम फॉइल आणि सोड्याच्या गरम पाण्यात तर बुडवूच नकोस. मुठीच्या दोन्ही टोकांना पांढऱ्या चकत्या दिसतात ना, त्या बहुधा हस्तिदंताच्या असाव्यात. चांदीइतकी उष्णता दुसरा कुठलाच धातू वाहून नेत नाही, म्हणून मूठ तापू नये यासाठी त्या मध्ये घातलेल्या असतात. गरम पाण्यात भिजल्या तर तडकतील.

ठेवताना रबरबँड किंवा लोकरीचं कापड गुंडाळू नकोस, दोन्हींत गंधक असतं. झाकण उघडं ठेवून आतून पूर्ण वाळू दे, नाहीतर कोंदट वास धरते.

आणि तिच्यात चहा कर रे! वापरातली, धुतली-पुसली जाणारी चांदी कपाटातल्या चांदीइतकी काळवंडत नाही. बिजागरी सैल झाली असेल तर जुन्या चांदीचं काम जाणणाऱ्या कारागिरालाच दाखव, आणि शिक्क्यांना हात लावायचा नाही हे त्याला आधीच बजाव.

आद्याक्षरं कुणाची, हे मावशीला या आठवड्यातच विचार आणि लिहून किटलीसोबत ठेव. शिक्क्यांचा जवळून काढलेला स्वच्छ फोटो मला पाठव, साल मी शोधतो.

तुझाच,
जुना मित्र