फुकट वेगळे, मुक्त वेगळे

संपादक महोदय,

पैसे न मोजता मिळणारे प्रत्येक सॉफ्टवेअर मुक्त, म्हणजे वापरायला, बदलायला आणि वाटायला मोकळे असते, असा गैरसमज सर्रास दिसतो. इंग्रजीत दोन्हींना ‘फ्री’ हा एकच शब्द असल्याने तिथला घोळ समजू शकतो. मराठीत ‘फुकट’ आणि ‘मुक्त’ असे दोन स्वच्छ शब्द असताना आपण गोंधळावे, याचे नवल वाटते.

सॉफ्टवेअर मुक्त नसणे अमेरिकी प्रोग्रॅमर रिचर्ड स्टॉलमन यांना बोचले ते एका प्रिंटरमुळे. एमआयटीच्या प्रयोगशाळेतल्या लेझर प्रिंटरमध्ये कागद अडकला की सगळ्यांना सूचना जावी, अशी सोय त्यांना करायची होती. पण त्याच्या सॉफ्टवेअरचा सोर्स कोडच, म्हणजे प्रोग्रॅमरने लिहिलेला मूळ मजकूरच, कुणी देईना. पुढे १९८३ मध्ये त्यांनी मुक्त सॉफ्टवेअरचा ग्नू प्रकल्प जाहीर केला आणि १९८९ मध्ये त्याचा जीपीएल (जनरल पब्लिक लायसन्स) हा परवाना आला. त्यातली मेख मला फार आवडते. ज्या कॉपीराइटच्या जोरावर इतर लोक नक्कल अडवतात, त्याच जोरावर हा परवाना म्हणतो: वापरा, बदला, वाटा, हवे तर विकाही, पण बदललेली प्रत दुसऱ्याला दिलीत, तर तिचा सोर्स कोडही त्याच अटींवर द्या.

उलट, कोड नुसता उघड्यावर ठेवला आणि परवाना लिहिलाच नाही, तर सारे हक्क लेखकाकडेच राहतात. नवशिके प्रोग्रॅमर इथेच फसतात (मीही फसलो आहे). कुणाचा कोड उचलण्याआधी फोल्डरमधली ‘लायसन्स’ किंवा ‘कॉपीइंग’ नावाची फाईल तेवढी उघडून वाचावी. काही परवाने चार ओळींत संपतात. जीपीएलला मात्र चहा घेऊन बसावे लागते.

– एक वाचक