गुडघ्याची गादी आणि 'प्रत्यक्ष वापरानुसार' खर्च

संपादक महोदय,

पर्वती उतरताना गुडघा दुखावला, एमआरआय काढला आणि अहवालात 'मेडियल मेनिस्कस, ग्रेड 3 टेअर', म्हणजे गुडघ्यातील हाडांमधली गादी फाटली आहे, असे वाचून घरचे हादरले, हा अनुभव पुण्यात आता अनेक घरांच्या परिचयाचा झाला आहे. त्या एका ओळीवरून दुर्बिणीच्या शस्त्रक्रियेची तारीख ठरवण्याची जी घाई होते, तिच्याविषयी हे पत्र आहे.

कबड्डी किंवा फुटबॉल खेळताना गुडघा पिळवटून तरुणाची गादी फाटली आणि तुकडा सांध्यात अडकून पाय सरळच होईना, तर शस्त्रक्रियेला उशीर करू नये, याबद्दल दुमत नाही. गादीच्या बाहेरच्या कडेला रक्तपुरवठा असल्याने तिथली ताजी चीर टाके घातल्यावर भरून येऊ शकते. आतल्या भागाला तो नसल्यामुळे तिथला फाटका भाग बहुधा कापूनच काढावा लागतो, आणि जितकी गादी जाते तितका पुढे सांधा झिजण्याचा धोका वाढतो. वयोमानाने विरलेल्या गादीचे मात्र तसे नाही. फिनलंडमध्ये 35 ते 65 वयाच्या अशा 146 रुग्णांपैकी काहींची फाटलेली गादी कापली गेली, तर इतरांवर शस्त्रक्रियेचा केवळ देखावा केला गेला. वर्षभरानंतर दोन्ही गटांच्या त्रासात लक्षणीय फरक आढळला नाही, असे 2013 मध्ये प्रसिद्ध झालेले निष्कर्ष सांगतात. तेव्हा आधी मांडीच्या स्नायूंचे व्यायाम करून पाहा म्हणणारा डॉक्टर वेळ काढत नसतो.

'स्वतःच्या पेशींपासून नवी कूर्चा' या जाहिरातींनीही गोंधळ वाढवला आहे. स्वीडनमधील डॉक्टरांनी 1994 मध्ये जगापुढे मांडलेले हे तंत्र हाडाच्या टोकावरील गुळगुळीत कूर्चेला पडलेल्या मर्यादित खड्ड्यासाठी आहे. फाटलेली गादी किंवा पुरता झिजलेला सांधा त्याने दुरुस्त होत नाही.

आता खर्चाविषयी. माझ्या मेहुण्यांना अलीकडे मिळालेल्या अंदाजपत्रकात खोलीभाड्यापासून भूलतज्ज्ञांच्या शुल्कापर्यंत सारे आकड्यांत होते. इम्प्लांटसमोर, म्हणजे गादी शिवताना आत बसवायच्या साहित्यासमोर, मात्र 'प्रत्यक्ष वापरानुसार' एवढेच शब्द. किती टाके लागतील हे दुर्बीण आत गेल्याशिवाय कळत नाही, हे मान्य. पण एका नगाची किंमत आधी सांगायला कोणाची हरकत असावी? केंद्राने ऑगस्ट 2017 मध्ये किंमतमर्यादा घातली ती सांधेबदलाच्या कृत्रिम गुडघ्यांवर. गादी शिवण्याचे साहित्य त्या आदेशात नव्हते. राज्याच्या 2021 च्या सुधारित नियमांनी खासगी रुग्णालयांना दरपत्रक व रुग्णहक्कांची सनद दर्शनी भागात लावणे बंधनकारक केले आहे. हे नियम पाळले जातात का, याची तपासणी करतानाच पुणे महापालिकेच्या आरोग्य विभागाने रुग्णालयांना पुढील सूचना द्याव्यात: शस्त्रक्रियेपूर्वी गादी शिवणार की कापणार, हे रुग्णाला मराठीत लेखी कळवावे, प्रत्येक इम्प्लांटची कंपनी व एमआरपी अंदाजपत्रकात नोंदवावी आणि वापरलेल्या नगाचे स्टिकर डिस्चार्ज कार्डावर चिकटवून द्यावे.

आपला,
एक वाचक, सहकारनगर, पुणे