इकोनोमेट्रिक्स सोडू नकोस

प्रिय निकिता,

तुझा मेसेज वाचल्यापासून चैन नाही. पुढच्या सेमिस्टरचे कोर्स तू त्या ग्रेड दाखवणाऱ्या साइटवरून ठरवलेस आणि इकोनोमेट्रिक्स, म्हणजे आकडेवारीवरून अर्थशास्त्रातली कारणं तपासण्याचा विषय, सोडलंस. कारण काय, तर सरांच्या तक्त्यात 'ए' कमी दिसतात! फोनवर बोललो तर भांडू, म्हणून लिहितेय.

त्या साइट्सवर माझा राग नाही. इथल्या, अमेरिकेतल्या सरकारी विद्यापीठांचे एकत्रित निकाल बऱ्याच राज्यांत माहितीच्या कायद्याखाली मागता येतात. एकेका विद्यार्थ्याची ग्रेड मात्र १९७४ च्या फेर्पा कायद्यामुळे गुप्त राहते. टेक्सासमधून निघालेली पिक-अ-प्रॉफ अशाच आकड्यांवर उभी राहिली, विस्कॉन्सिन-मॅडिसनच्या मुलांसाठी मॅडग्रेड्स आहे. पूर्वी कोणते सर कसे मार्क देतात हे ज्यांच्या ओळखीचे सीनियर असायचे त्यांनाच कळायचं. आपल्यासारख्या बाहेरून आलेल्या मुलींना कोण सांगणार होतं? तेव्हा साइट बघच, पण तक्ता नीट वाच.

सगळ्यात आधी 'डब्ल्यू'चा रकाना बघ, म्हणजे कोर्स मध्येच सोडलेले. समज, साठ जणांनी नाव घातलं आणि मिडटर्मनंतर वीस जण गळाले. उरलेल्या चाळिसांत वीस 'ए' आले, तर साइट म्हणते पन्नास टक्के 'ए'. सुरुवातीच्या साठांतले ते तेहतीसच टक्के. गळालेले वीस सरासरीत कुठेच नाहीत. उलट कमी 'ए' देणाऱ्या एखाद्या सरांकडे शेवटपर्यंत कोणीच कोर्स सोडत नाही, मुलं धडपडत का होईना टिकतात. तुझ्या सरांच्या तक्त्यात तो रकाना जवळजवळ रिकामा आहे, मी उघडून पाहिला.

दुसरं म्हणजे वर्गात कोण बसलं होतं हे तक्ता सांगत नाही. एका सेक्शनला गणितात मुरलेली मुलं, दुसऱ्याला केवळ सक्तीचा विषय म्हणून आलेली. पेपर तोच, तपासणारेही आम्हीच टीए, म्हणजे सरांचे अध्यापन-सहायक, तरी दोन्ही तक्ते वेगळे दिसणार. त्यात सरांचा हात सैल की आखडता हे कसं ओळखायचं?

कॉर्नेल विद्यापीठाचं तुला माहीत असायला हवं. त्यांनी १९९८ पासून प्रत्येक कोर्सची मध्यक (क्रमाने लावल्यावर मधोमध येणारी) ग्रेड ऑनलाइन टाकली. मुलांनी ग्रेडचा अर्थ संदर्भासकट लावावा हा हेतू. २००९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात दिसलं ते असं, की मुलं सढळ ग्रेडच्या कोर्सकडे वळली आणि ग्रेड आणखी फुगल्या. हुशार मुलांमध्ये हा ओढा कमी होता. २०११ मध्ये विद्यापीठाने ती माहिती देणं बंद केलं. आकडे लपवावेत असं मला वाटत नाही, पण तू त्या लोंढ्यात जावंस हे मला बघवत नाही. मजुरीवर संशोधन करायचं म्हणतेस ना? मग किमान वेतन वाढल्यावर रोजगार घटला की दुसऱ्याच कारणाने, हे इकोनोमेट्रिक्सशिवाय कसं दाखवशील?

सरांचा जुना सिलॅबस मागव. फायनलला किती वजन आहे, होमवर्क पुन्हा देता येतो का, कर्व्ह लावतात का (म्हणजे वर्गाच्या तुलनेत ग्रेड ठरवतात का), हे त्यात असतं. पहिला आठवडा वर्गात बस. अ‍ॅड-ड्रॉपच्या, म्हणजे सुरुवातीला कोर्स घेण्या-सोडण्याच्या मुदतीत सोडलंस तर ट्रान्सक्रिप्टवर 'डब्ल्यू' येत नाही. सेक्शनमध्ये जागा उरलीय का ते आज रात्रीच बघ. भरला असेल तर वेटलिस्टवर नाव घाल आणि सरांना ईमेल कर. मसुदा आधी मला पाठव, मी लगेच बघून देते.

तुझी,
मृणाल