मोंतोनेला जाऊन ये

चि. मुक्ता,

अनेक आशीर्वाद.

परवा तू विचारलंस, जुलैत सुट्टी मिळाली तर कुठे जाऊ? फोनवर मला नीट सांगता आलं नसतं, म्हणून लिहितोय. मोंतोनेला जा. इटलीतल्या तुझ्या पेरुजियाच्या उत्तरेला, टेकडीवरचं लहानसं गाव आहे. तिथे आपल्या माणगाव तालुक्यातल्या पळसगावचे, सैन्यात नाईक असलेले यशवंतराव घाडगे यांच्या नावाचं सूर्यघड्याळ आहे. 2023च्या जुलैत बसवलं.

तहसील कचेरीतला त्यांचा पुतळा तुला आठवत असेल. दाखल्यासाठी गेलो होतो तेव्हा तू विचारलं होतंस, "बाबा, हे कोण?" मी "लढाईत गेले" एवढंच म्हणून तुला खिडकीकडे ओढत नेलं. ते माझ्या मनाला अजून लागून आहे.

10 जुलै 1944, दुसरं महायुद्ध. इथे भाताची लावणी चालू असणार, आणि तिकडे टायबर नदीच्या वरच्या खोऱ्यात पाचव्या मराठा लाइट इन्फन्ट्रीची तिसरी बटालियन लढत होती. यशवंतरावांच्या तुकडीवर अगदी जवळून मशीनगन सुरू झाली. त्यांच्याखेरीज सगळे ठार किंवा जखमी. ते एकटे त्या मशीनगनवर धावून गेले. हातबॉम्बने गन आणि ती चालवणारा संपवला, टॉमीगनने, म्हणजे हातातल्या छोट्या मशीनगनने, आणखी एकाला पाडलं. मॅगझिन बदलायला वेळ नव्हता, तेव्हा टॉमीगन नळीकडून धरली आणि तिच्या दांड्याने उरलेल्या दोघांशी झुंजून त्यांना मारलं. मग दडून बसलेल्या नेमबाजांच्या गोळ्या लागल्या आणि ते तिथेच पडले. वय बावीस. तुझ्याहून दोन वर्षांनी लहान, पोरी. हे मला लिहितानाही जड जातंय.

व्हिक्टोरिया क्रॉस म्हणजे ब्रिटिशांचं शौर्याचं सर्वोच्च पदक. इटलीच्या मोहिमेतले असे वीस, त्यांतले सहा भारतीय सैनिकांचे. मराठा पलटणीचे दोन: घाडगे आणि निमज गावचे नामदेव जाधव. जाधव घरी परतले. घाडग्यांचं पदक त्यांच्या पत्नीच्या हाती आलं.

त्यांची कबर कुठेच नाही. इटलीत पडलेल्या ज्या सैनिकांची कबर माहीत नाही, अशा चार हजारांहून जास्त जणांची नावं कॅसिनोच्या स्मारकावर कोरली आहेत, त्यांतच त्यांचं आहे. कॅसिनो रोमच्याही खाली, एका दिवसात जमायचं नाही. मुक्कामाचे पैसे मी पाठवतो, काटकसर करू नकोस. नाव इंग्रजी अक्षरांत असेल. तू ते आपल्यासारखं म्हण, "यशवंतराव घाडगे", मोठ्याने. आजूबाजूला कोणी असलं तरी.

मोंतोनेला मात्र 10 तारखेलाच जा. तुझ्याकडे सकाळचे दहा वाजतील तेव्हा इथे दीड झालेला असेल, मी पुतळ्यापाशी उभा असेन. आई हार करून देणार आहे. तिथे घड्याळावर सावली कुठे पडली होती ते मला कळव. इथे त्या दिवशी ऊन पडायची आशा नाही.

तुझा,
बाबा