बाकावर बसलेल्या आईलाही शिकवा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

माझा नातू सात वर्षांचा असून तो स्वमग्न आहे, म्हणजे त्याला ऑटिझम आहे. माझा मुलगा नोकरीनिमित्त बाहेरगावी असल्यामुळे सून आणि मी त्याला आठवड्यातून दोनदा तासगावहून सांगलीला एसटीने वर्तन-उपचारासाठी, म्हणजे सगळे जिला नुसते ‘थेरपी’ म्हणतात तिच्यासाठी, घेऊन जातो. जाऊन-येऊन अर्धा दिवस मोडतो आणि प्रत्यक्ष सत्र पाऊण तासाचे असते. पहिले दीड वर्ष हा पाऊण तास आम्ही दोघांनी बंद दाराबाहेरच्या बाकावर काढला. आत काय शिकवले, असे विचारले की ‘छान करतोय’ एवढेच उत्तर मिळे आणि वहीवर सही होई. त्या केंद्राविषयी तक्रार करण्यासाठी हे पत्र नाही. बहुतेक ठिकाणी रीत हीच आहे, आणि त्या रीतीविषयीच मला लिहायचे आहे.

आठवड्याचे तास १६८. झोप वगळली तर मूल शंभरएक तास जागे असते आणि त्यांतला दीड तास उपचाराचा. उरलेला सगळा वेळ ते ज्या माणसांत काढते, त्यांना कोणी काही शिकवलेलेच नसते. मी जिल्हा परिषदेच्या शाळेत एकतीस वर्षे शिकवले. पण वर्गात पाढा शिकलेले मूल दुकानात हिशेब करीलच असे नाही, हे पुरते ठाऊक असूनही त्या बाकावर मी मुकाट बसून राहिलो, याचे आता नवल वाटते. स्वमग्न मुलाच्या बाबतीत तर ही अडचण दुप्पट असते, कारण एका खोलीत, एका माणसाकडून शिकलेली गोष्ट दुसरीकडे आपोआप वापरणे त्याला फार अवघड जाते.

आमच्यासाठी दार उघडले ते उपचार करणाऱ्या मॅडम बदलल्यामुळे. नव्या मॅडमनी पहिल्याच दिवशी सुनेला आत बसवून घेतले आणि याला सर्वांत काय आवडते, असे विचारले. बेदाणा, असे तिने सांगितले. तासगावात त्याला काय तोटा! मग घरी बेदाण्याची उघडी वाटी बंद झाली. त्याच्या नजरेस पडेल पण त्याला उघडता येणार नाही, अशा घट्ट झाकणाच्या पारदर्शक डब्यात बेदाणे गेले. आधी तो आईचा हात ओढून डब्यावर नेऊन ठेवी. आता आई हात पुढे करून समोर बसे आणि मी त्याच्या मागे बसून, तोंडातून अवाक्षर न काढता, डब्याचे चित्र असलेले कार्ड त्याच्याकरवी तिच्या तळहातावर ठेववून घेई. कार्ड पडताच ‘बेदाणा’ हा शब्द आणि एकच बेदाणा, मूठभर नाही. अकराव्या दिवशी मी अंगणात पेपर वाचत असताना तो कार्ड घेऊन माझ्यापाशी आला. डबा स्वयंपाकघरात, मी अंगणात, मध्ये दोन दारे. त्यानंतर पाण्याचे कार्ड आले, मग चपलांचे. तो अजून बोलत नाही, पण मागतो. आणि मागता येऊ लागल्यापासून डोके आपटणे पुष्कळच कमी झाले.

मॅडमनी आम्हाला एका वहीत तीन रकाने आखून दिले आहेत : आधी काय घडले, त्याने काय केले आणि त्यानंतर त्याला काय मिळाले. हट्ट म्हणून आम्ही जे सोडून देत होतो, त्याचा अर्थ तिसऱ्या रकान्यात सापडू लागला. जेवताना तो मोबाइलसाठी किंचाळे. ‘किंचाळल्यावर मोबाइल द्यायचा नाही, कार्ड दिले तर जेवणानंतर पाच मिनिटे द्यायचा,’ असे ठरले, आणि पहिले काही दिवस किंचाळणे वाढेल हेही मॅडमनी आधीच सांगून ठेवले होते. तसे ते वाढलेच. नवव्या दिवशी त्याचे मामा आले आणि ‘लेकराला कशाला रडवता?’ असे म्हणत त्यांनी खिशातला मोबाइल काढून दिला. आठ दिवस न मिळालेली वस्तू नवव्या दिवशी जोरात ओरडल्यावर मिळते, हे एकदा कळले की ते ओरडणे पूर्वीपेक्षा चिवट होते. मामांचा दोष नाही. त्यांना कोणी सांगितलेच नव्हते.

या पद्धतीची दुसरी बाजूही लिहिली पाहिजे. अमेरिकेत इव्हार लोवास यांनी लहान मुलांना आठवड्याला सुमारे ४० तास दिलेल्या प्रशिक्षणाचे निष्कर्ष १९८७ मध्ये प्रसिद्ध केले आणि या पद्धतीचा जगभर बोलबाला झाला. परंतु त्यांच्या आरंभीच्या कामात मुलांवर ओरडणे आणि चापट मारणेही होते. आज मोठी झालेली अनेक स्वमग्न माणसे स्वतःच सांगतात की, त्यांच्या निरुपद्रवी सवयी मोडून काढण्यात त्यांचे बालपण खर्ची पडले. आमचेही पहिले तीन महिने ‘माझ्याकडे बघ’ असे म्हणत त्याला नजरेला नजर द्यायला लावण्यातच गेले. आनंद झाला की नातू दोन्ही हात पंखांसारखे हलवतो. त्याने कोणाचे काय बिघडते? रथोत्सवाच्या गर्दीत तो कान दाबून खाली बसतो, तेव्हा त्याला सवय लावण्याऐवजी आम्ही मागच्या गल्लीतून घरी येतो. माझ्या वर्गातही अशी मुले आली असणारच, आणि त्या काळी माझ्या हातात छडी होती. त्याबद्दल आता लिहून उपयोग नाही.

आईवडिलांना शिकवणे ही काही हौसेची मागणी नाही. शेजारच्या गोव्यात आणि पाकिस्तानातील रावळपिंडीत ६५ स्वमग्न मुलांच्या कुटुंबांबरोबर झालेल्या अभ्यासात तज्ज्ञांऐवजी प्रशिक्षण दिलेल्या सामान्य आरोग्य कार्यकर्त्यांनी पालकांना मुलांशी संवाद कसा साधायचा हे शिकवले, आणि मुले आपणहून संवाद सुरू करू लागल्याचे २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांत दिसले. जागतिक आरोग्य संघटनेने पालकांसाठी असाच कार्यक्रम तयार केला आहे : नऊ गट-सत्रे आणि तीन गृहभेटी. आपल्याकडे राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची पथके अंगणवाड्यांत वर्षातून दोनदा तपासणीसाठी येतात आणि दिव्यांग हक्क अधिनियम, २०१६ मध्ये स्वमग्नतेचा समावेश आहे. मूल हुडकण्याची सोय आहे, प्रमाणपत्राची आहे. प्रमाणपत्र हातात पडल्यावर घरी जाऊन काय करायचे, हे सांगण्याची नाही. ती पोकळी मग भलतेच लोक भरतात. बाकावर बसलेले बाप एकमेकांना मोबाइलवर स्टेम सेलच्या, म्हणजे मूळ पेशींच्या उपचाराच्या, जाहिराती दाखवतात. स्वमग्नतेसाठी हा उपचार करू नये, असे राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने २०२२ मध्येच बजावले आहे, हे त्यांतल्या एकालाही ठाऊक नव्हते.

म्हणून जिल्हा परिषद आणि जिल्हा आरोग्य विभाग यांना विनंती आहे की, जत, आटपाडी, शिराळ्यासारख्या दूरच्या तालुक्यांपासून सुरुवात करून दर पंधरवड्याला एक पालकवर्ग तालुक्याच्या गावीच घ्यावा. त्यात आईबरोबर घरातले आणखी एक माणूस, अंगणवाडी सेविका आणि वर्गशिक्षक यांना बसवावे. सत्रातली निदान शेवटची पंधरा मिनिटे पालकांना आत घेतील, एवढी अट खासगी केंद्रांनीही स्वतःहून घालून घ्यावी. जागेचे म्हणाल, तर तासगावात माझ्या जुन्या शाळेची एक खोली शनिवारी दुपारी रिकामी असते, आणि तिची किल्ली कोणाकडे असते हे मला ठाऊक आहे.

आपला,
एक निवृत्त प्राथमिक शिक्षक
तासगाव, जि. सांगली

(नातवाची ओळख जाहीर होऊ नये, यासाठी माझे नाव छापू नये, ही विनंती.)