हे पत्र बाबांनीच वाचायचं

पुणे, रविवार

ती. आई-बाबा,
शि. सा. नमस्कार.

अक्षर एवढं मोठं का, ते लगेच कळेल. मुद्दाम 20 पॉइंटमध्ये छापून आणलंय. बाबा, हे तुम्ही स्वतः वाचायचं. आई, तू वाचून दाखवू नकोस, चहा टाक.

आधी कबुली. मी मॉनिटर घेतलाय, 27 इंची. पैसे भरून झालेत, गुरुवारपर्यंत घरी येईल. विचारलं नाही, कारण विचारलं असतं तर "आहे त्यात भागतंय की" हेच ऐकलं असतं. पण भागत नाहीये, बाबा. आण्णांच्या वहीचं तिसरं प्रकरण तुम्ही टाइप करून मेल केलंत, त्यात सोलापूरच्या चार हुतात्म्यांच्या फाशीची तारीख 12 जानेवारी 1913 पडलीय. 1931 ची 1913! जो माणूस मला चार पुतळ्यांपाशी उभं करून धनशेट्टी, कुर्बान हुसेन, शिंदे, सारडा अशी नावं म्हणून घ्यायचा, त्याच्या हातून ही तारीख चुकते? मी ते पान तसंच ठेवून थोडा वेळ बसून राहिले.

खरं तर गड्ड्याच्या जत्रेला आले तेव्हाच कळायला हवं होतं. जुन्या मॉनिटरवर मधोमध एक तेलकट ठिपका होता. मी फडक्यानं पुसला, दुसऱ्या दिवशी परत तिथेच. नंतर लक्षात आलं, तो तुमच्या नाकाचा आहे. आणि आई, लाइट बिल, मेल, सगळं तू वाचून दाखवतेस हे मला माहीत नाही असं समजू नकोस. तुझ्या मोतीबिंदूचंही बघायचंय, पण ते वेगळं पत्र.

डॉक्टरांनी काय सांगितलं ते तुम्ही ऐकलंत, पण ऐकून घेतलं नाहीत. मॅक्युलाचा, म्हणजे डोळ्याच्या पडद्याच्या मधल्या भागाचा आजार, त्यातला कोरडा प्रकार आहे. मधलं पुसट होत जातं, कडेचं शाबूत राहतं. मॉनिटरनं डोळे सुधारणार नाहीत, तसं मी म्हणतही नाही. पण वही पुरी होईल.

आता कामाचं. मॅग्निफायर, म्हणजे पडद्यावरचं मोठं करून दाखवणारं भिंग, विंडोजमध्येच असतो, वेगळा विकत घ्यावा लागत नाही (हे आईसाठी). विंडोजचं बटण आणि अधिकचं बटण एकत्र दाबलं की सुरू, विंडोज आणि एस्केप दाबलं की बंद. तिन्ही बटणांवर पिवळी स्टिकरं चिकटवायची, पाकिटात घातलीत. सोळापट मोठं होतं, पण तिथं जाऊ नका. तुम्ही जन्मभर हिशेब केलेत, म्हणून सांगते: दुप्पट केलं की पडद्याचा चौथा हिस्साच दिसतो, चौपट केलं की सोळावा. ओळ वाचता वाचता वाट चुकते, मग माणूस वैतागतो. म्हणून तर पडदा मोठा घेतला, उधळपट्टी म्हणून नाही.

कंट्रोल, ऑल्ट आणि डी दाबलं की वर पट्टी येते. माउस जिथं असेल तिथलं त्या पट्टीत मोठं दिसतं, खालचं पान आहे तसं राहतं. सोसायटीच्या हिशेबाला हे बरं. डीच्या जागी एल दाबलं की माउसबरोबर चौकोनी भिंग फिरतं, तुमच्या मुठीच्या भिंगासारखंच, फक्त हात दुखत नाही. आणि डीच्या जागी आय दाबलं की सगळं उलट होतं, काळ्यावर पांढरं, पाटीवर पेन्सिल. उन्हाळ्यात पांढरा पडदा तुमच्या डोळ्यांवर येतो, तेव्हा हे करा. आई, त्या वेळी नातवाचा फोटो निगेटिव्हसारखा भुताटकी दिसेल. घाबरू नकोस, परत तीच बटणं दाबायची.

आण्णांचं बारीक अक्षर भिंगातून बघत बसू नका. पानाचा मोबाइलवर फोटो काढा, कॉम्प्युटरवर घ्या आणि तिथं मोठा करा. त्यांचा 'र' आणि 'स' तुम्हालाच ओळखता येतो, तेवढं मला जमणार नाही.

मॉनिटरला पुढे-मागे सरकणारा हात आहे. ओढून अगदी जवळ घ्या. अंतर निम्मं झालं की अक्षर आपोआप दुप्पट दिसतं, आणि जवळ बसल्यानं डोळे बिघडत नाहीत. टीव्हीला नाक लावून बसते म्हणून तुम्ही माझी वेणी धरून मागं ओढायचात ना? आता मी म्हणते, जवळ बसा. जवळचा चष्मा मात्र घाला.

पाकिटात चौकटींचा एक कागद आहे, मध्ये ठिपका असलेला. रोज सकाळी जवळचा चष्मा लावून, एक डोळा झाकून एकेका डोळ्यानं त्या ठिपक्याकडे बघायचं. रेघा अचानक वाकड्या दिसल्या तर त्याच दिवशी डॉक्टरांकडे. शुक्रवारी नाही, सण झाल्यावर नाही, त्याच दिवशी. आधी मला फोन.

आणि स्कूटर. विका म्हणत नाही, पुण्याला कायमचे या असंही म्हणत नाही. कडक भाकरी मोडायला तिकडचेच हात लागतात. पण किल्ली आईकडे द्या. मंडईला रिक्षानं जा, पैसे मी पाठवते, आणि ते बाजूला टाकून चालत जाऊ नका.

बाबा, रागावलात तर रागवा, पण फोन उचला.

तुमची,
बेबी

ता. क. जुना मॉनिटर भंगारात देऊ नका. आणि आई, तो ठिपका पुसू नकोस.